काठ

मे महिन्यात नागपूरचं ऊन काही म्हणता काही लपू देत नाही.
डॉक्टर बेलखोडेंची काळी गाडी मी पुसून दिली
आणि शेडच्या सावलीतून ती बाहेर निघताच
बॉनेटवर उमटलं
कोळ्याने रात्रभर जागून विणल्यासारखं
बारीक, गोल जाळं.
डॉक्टर बोलले नाहीत काही.
पैसे दिले, पूर्ण दिले.
तेच जास्त लागलं.

टॉवेल इतवारीतून किलोवर आणले होते,
निळे, पिवळे, हाताला लोणी.
दुकानदार म्हणाला, मायक्रोफायबर आहे ताई, डोळे मिटून घ्या.
मी मिटले.

तांडापेठेत बाबा ओट्यावर बसलेले.
चाळीस वर्षं माग चालवला,
आता एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात हट्ट.
टॉवेल मांडीवर टाकला त्यांच्या,
तर मधल्या मऊपणाला त्यांनी हातही लावला नाही.
सरळ काठ धरला,
शिवणीवरून अंगठा नेला, परत आणला.
"काऊन वं, असं कापड घेते का कोणी?
मधात मऊ हाय, काठाले चावते."
कोपऱ्यातली कंपनीची चिठ्ठी दातांनी उसवली,
शिवणीचा एक दोरा ओढला, काडी लावली.
वितळून काळा टणक मणी झाला.
तो माझ्या तळहातावर ठेवत म्हणाले,
"घे. हा फिरवला तू त्या डॉक्टरच्या गाडीवर."

पुढच्या रविवारी आठ नमुने मांडून बसलो,
बापलेक, सतरंजीवर, कूलरसमोर.
पाकिटावरचे आकडे मी वाचायची:
सत्तर-तीस, ऐंशी-वीस, तीनशे साठ, पाचशे.
ते आकडे ऐकत आणि विसरत,
हातावर तोलून सांगत,
हा पाणी पिऊन मेल्यासारखा जड होईल,
हा काचेपुरता ठेव,
ह्याचा लव एकाच बाजूला झोपतो, नको.
घासून बघायला चकचकीत काही हवं होतं.
माझ्या लग्नाची सीडी काढली कपाटातून,
नाहीतरी कोणी लावत नव्हतं.
आठ टॉवेल, आठ जागा.
पाच ठिकाणी ओरखडे.
तीन पास झाले,
तिघांनाही काठ नव्हता, शिवण नव्हती,
नुसते कापून सोडलेले.
बाबांना ते आवडलं नाही.
काठाशिवाय कापड म्हणजे त्यांच्या लेखी
नाव न ठेवलेलं पोर.
पण मान हलवली.

त्यांच्या बोटांना मात्र प्रत्येक टॉवेल अडकायचा.
भेगाभेगांत धागे धरून बसायचा, बारीक कुरकुरायचा.
"तुह्या गाड्यांले मले हात लावू देऊ नको," म्हणाले.
"हात नाही हे, कानस हाय."

आता शेडवर प्रज्वल आहे, अठरा वर्षांचा, घाईचा.
त्याला रोज सांगते,
कोराडीची राख बसलेली असते, कोरडी पुसशील तर काच फिरवशील,
आधी पाणी, मग फेस, मग टॉवेल.
जमिनीवर पडला तो टॉवेल नाही, चाकांचं फडकं झाला,
झटकून परत घेतलास तर तुझी सुट्टी.
सुती कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत, लव चिकटते.
तो हसतो. टॉवेलची एवढी बडदास्त, म्हणतो,
आमच्या घरी पाहुण्यांची नाही.

काल घरी गेले
तर बाबा मीटरपेटीवरून धोटा काढून पुसत होते.
माग विकला तेव्हा तेवढाच ठेवून घेतला होता.
पुसत होते
माझ्या कोऱ्या, बिनकाठाच्या, दोनशे चाळीस रुपयांच्या टॉवेलने.
तेलकट लाकूड. गेला टॉवेल.
बोलणार होते.
त्याऐवजी धोटा हातात घेतला,
मोबाईलचा उजेड आडवा पाडला,
सवयीने,
बॉनेट बघते तशी वाकून बघत राहिले.
चाळीस वर्षं ताण्यावरून धावलेलं लाकूड,
आणि एक ओरखडा नाही.
"काय पाह्यतं?" बाबांनी विचारलं.
काही नाही म्हटलं.
टॉवेल त्यांच्याकडेच राहू दिला.