हातघाई

धनुष्य घेता आलं असतं.
सगळे तेच सांगत होते:
तू पोर्वेनिरला, सर्व्हर साओ पाउलोला,
मधे अख्खा खंड पसरलेला,
तर लांबून मार, एलिसेओ, लांबूनच मार.
मी परशू घेतला.

दर पातळीला पाच गुण मिळतात.
पहिले साठ मी बळात ओतले, आंधळ्यासारखे,
मग कळलं, पोचायच्या आधीच मरतो आपण.
सगळे पुसले.
पुसायला सोनं पडतं, तीन आठवडे
रानडुकरं मारून साठवलेलं.
दुसऱ्या खेपेला चाळीस प्राणात, तीस बळात,
उरलेसुरले पायांत.
पायांचं कुणी सांगत नाही.
हातघाईचा गडी पायांवर जगतो.

अंगात गंजकं चिलखत, कारण चांगलं जड असतं.
एक झडप: बारा पावलं,
आणि मग अठरा सेकंद ती नाही.
एक ढालीचा दणका, समोरचा क्षणभर सुन्न.
भांडवल एवढंच.

खेकड्यांच्या कारखान्यातून सुटतो आठला.
काटे रबरी मोजे भेदून बोटांत गेलेले,
माऊस धरला की झोंबतात.
बाहेर वारा पत्र्यांशी भांडत असतो.
पडद्याच्या कोपऱ्यात आकडा: एकशे नव्वद.
म्हणजे मला दिसते ती धनुर्धारी
आत्ता तिथं नाहीच.
ती टाकून गेलेली जागा दिसते मला,
त्या जागेवर मी जीव खाऊन घाव घालतो.

नाव जांदिरा. बेलेंची असावी,
एकदा म्हणाली होती, पंख्याखाली बसून खेळते.
सव्वीस वेळा मारलंय तिनं मला.
मागे सरकते, बाण.
मागे सरकते, बाण.
घाई म्हणून नाही.

बाबा उन्हाळ्यात मेंढ्या कातरायला जायचे,
या एस्तान्सियावरून त्या एस्तान्सियावर.
मला पहिल्यांदा कात्री दिली तेव्हा
मी हातभर लांब उभा, नुसते हात पुढे.
मेंढी उसळली, पोटाला चीर गेली.
बाबांनी ती शिवली, दोरा दातांनी तोडला,
म्हणाले, लांबून जखम होते रे, काम होत नाही.
गुडघ्यांत घे तिला.
कुठं वळणार ते डोळ्यांना नाही कळत,
मांडीला कळतं.

काल सत्ताविसावी.
पडका पूल, खाली काळं पाणी.
मी तिच्याकडे बघणं सोडलं.
बाण मोजले. तिसऱ्यानंतर ती डावीकडे जाते,
नेहमी, बहुतेक तिलाही ठाऊक नसावं.
एक. खांद्यात.
दोन. ढालीवर.
तीन लागला तसा मी झडप टाकली
डावीकडच्या मोकळ्या दगडावर,
जिथं कोणीच नव्हतं,
आणि ती आली.
आपल्या पायांनी चालत आली माझ्या परशूखाली.
दणका. घाव. घाव.
तिचा जीव उरला नखाएवढा.

आणि वीज गेली.
फक्त माझी नाही, बंदरापर्यंत सगळ्यांची.
काळ्या पडद्यात माझंच तोंड, उघडं राहिलेलं.
शेजारच्या दोन्या ब्रिहिदाचा कुत्रा भुंकत राहिला.
अकरा मिनिटं.

परत आलो तर पुलावरच होतो.
ती समोर. हातभर अंतरावर.
धनुष्य पाठीला.
अकरा मिनिटांत जखमा भरून आल्या होत्या,
पण जागा सोडली नव्हती तिनं.
एकच शब्द लिहिला: लूस?
तिच्याकडे नि आमच्याकडे तो सारखाच लिहितात.
वीज?
मी म्हटलं, वारा.

मग ती वळली, मोजून तीस पावलं गेली,
धनुष्य काढलं,
आणि थांबली, माझी ढाल वर येईपर्यंत.

सत्ताविसावी धरायची की नाही, आमचं ठरलं नाही.
अठ्ठाविसावीत सात बाणांत संपलो मी.
तिसऱ्यानंतर ती
उजवीकडे गेली.