पासंग

कांदा-बटाटा मार्केट, तुर्भे. एकोणीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या गोण्या मोजतोय.
पहाटे चारला गाडी लागली की
काट्यासमोर मी, आणि कानावर पेन.
कुठल्या गोणीत ओल आहे, कुठे तळाला माती,
दोरी सुटायच्या आत कळतं.

स्वतःचं कळायला मात्र
युनियनच्या शिबिरात बोट टोचावं लागलं.
आकड्याखाली लाल रेघ,
रेघेखाली ‘आहार बदला’.
काय बदला, कशाशी बदला,
एवढं लिहायला बहुधा कागद पुरला नसावा.

मग सांगणाऱ्यांची रांग लागली.
मेहुणा डबा घेऊन आला, व्हॅनिलाच्या वासाचा,
महिन्याला साडेतीन हजार, घरातले म्हणून तीन.
जुईनगरच्या जिममधला पोरगा म्हणाला,
भात म्हणजे विष, काका.
मी विचारलं, तू पेणचा ना रे?
तो हसला आणि वजनं उचलायला गेला.
फोनवर कुणी एक बाई रोज सकाळी
दुधीचा रस पिऊन डोळे मिटायची.
मीही प्यायलो. अकरा दिवस.
बाराव्या दिवशी सानपाड्याच्या पुलाखाली
चार वडे, उभ्याउभ्या, रस्त्याकडे पाठ करून,
जणू प्रत्येक रिक्षात सासरा बसलाय.

बायको काही बोलली नाही.
तिने डब्यातल्या चार पोळ्यांच्या तीन केल्या
आणि माझ्या शर्टावरचं तेल
दोनदा साबण लावून धुतलं.

शेवटी वाशीचं पालिकेचं हॉस्पिटल.
जिन्याखालची खोली, कुरकुरणारा पंखा,
दारावर पाटी: शलाका मोकल, आहारतज्ज्ञ.
माझ्या भाचीच्या वयाची पोर.
टेबलावर एकही डबा नव्हता.
मी आधी तेच पाहिलं. सवय.

“काल काय काय खाल्लंत?”
पोळी, भाजी, वरण, म्हटलं मी, निबंधासारखं.
ती पेन टेकवून थांबून राहिली.
“आणि चहाबरोबर?”
बिस्किटं. चार.
“चहा किती?”
सात.
इथे गोणीची दोरी सुटली.
खारी निघाली, ड्रॉवरमधली शेवेची पुडी निघाली,
गाडीची वाट बघत खाल्लेलं फरसाण,
झोप येत नाही म्हणून रात्री उघडलेलं भाताचं पातेलं,
तळाची सगळी माती टेबलावर.
ती रागावली नाही. कौतुकही केलं नाही.
लिहून घेतलं फक्त.

भात राहू द्या, म्हणाली, पण वाटीने घ्या.
साखर आधी अर्धी. एकदम बंद करू नका, टिकत नाही.
शेजारीच फळबाजार ना तुमच्या? मग पेरू.
रस नाही, पेरू. चावून.
म्हावरं खाताय तर कालवण करा, तळण रविवारी.

मी खिशातून डब्याचं लेबल काढलं,
मेहुण्याच्या नकळत सोलून आणलेलं.
चष्मा कपाळावर चढवून तिने दोनदा वाचलं.
“यातलं हे एक मला नक्की माहीत नाही.
वाचते, आणि मंगळवारी सांगते.”

इतक्या जणांत हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं.
माल चढवायच्या आधी
जो रिकामा काटा दाखवतो, पासंग लपवत नाही,
त्याच्याकडेच वजन करावं,
हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.
पावती होती माझ्याकडेच,
मीच वाचली नव्हती.

आज सोमवार. नाशिकची गाडी उशिरा.
कच्च्या पावतीच्या मागे मी लिहितोय:
चहा चार, साखर अर्धी.
मटकी, एक वाटी.
पेरू एक. आत किडका, म्हणून अर्धा.
भजी

इथे पेन थांबलं.
गोवर्धनने आणली होती, ओल्या कागदात, अजून चटका बसणारी.
दोन, लिहिलं.
मग खोडून, तीन.