भोपळा

डेनिस रेन दुकानात आली
ती भोपळा कडेवर घेऊन, पोर घ्यावं तसा.
गल्ल्यावर ठेवला.
मान लांब, बूड जड, रंग साबणासारखा.
चर्चच्या फूड बँकेत मिळाला म्हणाली,
हा घे, आणि याच्या बदल्यात असं काही दे
जे शिजवावं लागत नाही.

मी आधी किल्ली घेतली,
विजेच्या मीटरची, निळी, प्लास्टिकची.
पाच पौंड भर म्हणाली.
पाचातला दीड जुन्या थकबाकीत जातो
हे यंत्राला माहीत, तिला माहीत, मला माहीत,
म्हणून आम्ही तिघंही गप्प.
उरले साडेतीन.
त्यात शनिवारपर्यंत फ्रिज, दिवा, पोरीची आंघोळ.
आणि हा भोपळा म्हणतो, मला तासभर ओव्हनमध्ये ठेव.

सुरी जात नाही यात, ती म्हणाली,
गेली तर परत येत नाही.
आमच्याकडे विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात,
हे तिला सांगावंसं वाटलं,
पण मागे रांग होती. सिगारेट, लॉटरी, दूध.

टिलीच्या हातात शाळेचा तक्ता.
सात दिवस, पाच रंग.
लालवर तीन खुणा पाहून मी भुवई उंचावली.
केचप, ती म्हणाली. धरतात ना?
मी दुकानातला माणूस, मी काय धरणार.
धरतात, म्हटलं.
केशरीच्या रांगेत मात्र भोपळा,
आमचे मास्तर गणिताच्या पेपरावर द्यायचे तो.

आमच्या दुकानात भाजी नाही. होती.
पहिल्या वर्षी शिवराजाच्या मागे लागून
मीच फ्लॉवर ठेवायला लावला.
एका गड्ड्याच्या पैशात पिझ्झा येतो,
सात मिनिटांत होतो, पोर कुरकुरत नाही,
उरत नाही, म्हणून सडत नाही.
डेनिसने एकदा नेला होता फ्लॉवर.
टिलीने थुंकला.
ते सव्वादोन पौंड ती अजून विसरलेली नाही.
बाकीचे गड्डे काळे पडत गेले,
मी रोज एकेक पान काढून त्यांना तरुण ठेवायचो.
मग त्या जागी एनर्जी ड्रिंकचं कपाट आलं.
कपाट कंपनीने फुकट दिलं, आत दिव्यासकट.

मोठं दुकान पाच मैलांवर, खाण होती त्याच्याही पलीकडे.
तिथे गाजरं स्वस्त.
बसचे जायला तीन, यायला तीन.
मग गाजरं स्वस्त कशी?

बीन्सचे दोन डबे आणि पाव दिला,
माझ्या नावावर लिहिला.

रात्री वरच्या खोलीत
आक्काने टॉवेलात गुंडाळून दिलेली विळी काढली.
विमानतळावर त्यांनी तिच्याकडे
हत्यार म्हणून पाहिलं होतं, मग अवजार म्हणून.
पाय देऊन बसलो. भोपळा करकरला,
आणि आत एवढा केशरी निघाला
की मला उगाच मागे वळून बघावंसं वाटलं.
तेल, मेथीदाणे, हळद, गुळाचा खडा.
माझंही मीटर किल्लीचंच,
ताटावर पाणी ठेवून शेगडी बंद केली,
उरलेलं काम वाफेला सांगितलं.

सकाळी अकराव्या गल्लीत डबा घेऊन उभा.
डेनिसने दार अर्धंच उघडलं.
आम्ही ठीक आहोत, पेट, म्हणाली.
इकडे समुद्रकाठाला पेट म्हणजे बाळा.
मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा.
तिखट असेल. ती खायची नाही.
थोडं आहे, म्हटलं. खोटं कशाला बोला.

तिच्या हाताखालून टिली आली, झाकण उघडलं,
वास घेतला, नाक मुरडलं,
एक फोड उचलली.
खाल्ली नाही.
तक्त्यावर घासली,
सोमवारच्या केशरी चौकोनात, कोपऱ्यापर्यंत.
हळद आहे, म्हटलं, निघायची नाही.

मग ती आपल्या बोटाकडे बघत राहिली.
डेनिस बोटाकडे, मी डेनिसकडे.
किल्लीत किती उरले
ते मी विचारलं नाही.