सोडून राहिले आहे

पलासियाच्या मागच्या गल्लीत, एका शाळेच्या बालवाडीत
दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही बसतो,
गुडघे हनुवटीला लागतील अशा बुटक्या खुर्च्यांवर.
भिंतीवर तक्ता: अ अनार का, आ आम का.
पहिल्या दिवशी मी तो पाठ केला
कुणाच्या डोळ्यांत बघायला लागू नये म्हणून.

मग पाळी आली.
मेरा नाम बैजंती है, मैं शराबी हूँ.
सोपं गेलं.
हिंदीत मी भाजीवाल्याशी भांडते, बँकेत फॉर्म मागते,
हिंदीत काहीही म्हणता येतं,
अंगाला लागत नाही.
शिवाय शराबी बाईला आणि बुवाला एकच,
'हूँ'ला तर लिंगच नाही.
टाळ्या वाजल्या. मी सामोसा खाल्ला.

परतताना जिन्यात थांबून तेच मराठीत म्हणून बघितलं.
मी वैजयंती, मी
पुढे काय?
आमच्या रामबागेत काका 'घेत' असत,
भावजी 'कधीमधी बसत',
नाक्यावरचा रद्दीवाला 'ढोसून पडे'.
माझ्यासाठी कुणी क्रियापद ठेवलंच नव्हतं.
अकरा वर्षं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या,
तिला बरं नसतं.
आणि मी ऑफिसच्या स्टीलच्या बाटलीतून
घोट घोट बरी नसायची.
दारुडा. दारुडी.
गल्लीतल्या मांजरीला ठेवावं तसं नाव.
हसू आलं. मग पायरीवरच बसले, बराच वेळ,
वरच्या देवधरांचा कुकर तीनदा वाजेपर्यंत.

रविवारी शरयूचा फोन येतो पुण्याहून.
"सुटली का गं?"
सुटली: बस सुटते, गाठ सुटते,
आपण नुसतं बघायचं.
"म्हणजे, सोडलीस ना?"
सोडली: नोकरी सोडली तशी,
एकदाच, राजीनामा देऊन, चहापाणी होऊन.
यातलं एकही खरं नाही.
रोज रात्री आठला ती बाटली मी घासते,
उपडी घालते,
उचलून पुन्हा हुंगते.
म्हटलं, "सोडून राहिले आहे."
खो खो हसली. "काय गं हे तुमचं इंदुरी मराठी!
सोडते आहे, म्हण."
तीही हेच बोलायची फ्रॉकात असताना,
खाऊन राहिले, खेळून राहिले, मार खाऊन राहिले.
ती तिकडे जाऊन शुद्ध झाली.
मी म्हटलं, नाही, राहू दे.
माझ्या चुकीच्या वाक्यात राहायला जागा आहे.
सोडायचं, आणि तिथंच राहायचं,
उद्या आठलाही.
हे तिला सांगितलं नाही. फोन चार्जिंगला लावला.

गेल्या गुरुवारी भगवंती आंटींनी विचारलं,
सात वर्षं झाली त्यांना, चष्म्याला दोरी,
तुम्हारे में पहचान को क्या बोलते हैं?
ओळख.
ओलख?
नाही, ल नाही. तक्त्यावर बोट फिरवून शोधलं.
ल होता, लट्टूसकट. ळ नव्हता.
खडू घेतला, फळ्यावर काढला,
दोन पोटांचा, जरा जाडच झाला.
सगळे बघत राहिले.
आणि मागून सुलेमान, बडवाहचा ट्रकवाला,
एकोणीस दिवसांचा, तोवर तोंड न उघडलेला,
म्हणाला, ये तो हमारे निमाड़ में भी है.
काळो.
केवढा स्वच्छ म्हणाला तो.
मग सगळ्यांनी जीभ मागे वळवून पाहिली,
दुखऱ्या यकृतांची, कर्ज झालेली, घटस्फोटाच्या तारखांची माणसं
बुटक्या खुर्च्यांवर ळ ळ ळ करत,
कुणाची कवळी निसटली.

निघताना फळा पुसायचा राहिला.
शुक्रवारी पोरं विचारतील, मॅम, ये किसका है?
मॅम काय सांगणार, कुणास ठाऊक.
मला शुक्रवारी ऑफिस होतं. बाटलीत पाणी नेलं,
अर्धं उरलं.