अंगठा

पहिला रकाना: शीर्षक, वीस शब्दांच्या आत.
मी टाइप करते,
जाफ्राबाद तालुक्यातील शेडनेटमध्ये संकरित बियाण्यांचे काम करणाऱ्या
स्त्रियांच्या अंगठ्याच्या मुळाशी होणाऱ्या वेदनेचा अभ्यास.
तेरा शब्द. सात उरले.
कौतिकाबाई फदाट दोनच शब्दांत बसली असती,
पण नाव लिहायचं नाही असा नियम.
ती सहभागी क्रमांक सात.

मागच्या वर्षी दिल्लीहून दीड ओळ आली होती:
नावीन्य अल्प, नमुना लहान,
उपकरण प्रमाणित नाही.
उपकरण म्हणजे आमच्या ओपीडीतलं बीपीचं यंत्र.
पट्टा गुंडाळायचा, वीसपर्यंत हवा भरायची,
अंगठा आणि तर्जनीत दाबायला द्यायचा.
काटा चढेल तेवढं चिमटीतलं बळ.
खरं मापक बेचाळीस हजारांचं.
तेवढ्यात विभागाचा प्रिंटर येतो, चार खुर्च्या येतात,
देवळे सरांच्या खोलीतला कूलर येतो.
कूलर आलासुद्धा.

फूल कुणाची मुदत मानत नाही.
दुपारी चारनंतर मिरचीची कळी अलगद उकलायची,
चिमट्यानं पुंकेसर उपटायचे, एकसुद्धा राहता कामा नये,
आणि सकाळी उन्हं तापायच्या आत
बोटातल्या अंगठीत भरलेल्या परागाला
एकेक फूल टेकवायचं.
हजार फुलं. कधी बाराशे.
मोजायला कधी येऊ, मी विचारलं.
"रातच्याला ये. भाकरी थापताना लईच ठणकतो,
तवा मोज."
मी वेळेच्या रकान्यात रात्री आठ लिहिलं.
खाली तळटीप होती,
रात्रीचा प्रवासखर्च अनुज्ञेय नाही.

तिच्या ओट्यावर बसून संमतीपत्र वाचून दाखवलं.
आपण या अभ्यासातून केव्हाही,
कारण न देता, बाहेर पडू शकता.
तिनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.
मग म्हणाली, "कामाचं बी असं लिवून देतेत का कुठं?"
सही येत नव्हती. शाईचं पॅड पुढे केलं.
तिनं अंगठा टेकवला, उचलला.
कागदावर निळा गोल डाग.
एक रेघ नाही त्यात, एक वळण नाही.
"रेशनच्या मशीनला बी नाई वळखू येत,
सुनंला न्यावं लागतं संग."
मी डागाकडे बघत राहिले.
हाच निष्कर्ष होता,
पण निष्कर्ष नवव्या पानावर येतो
आणि आम्ही होतो दुसऱ्यावर.

काटा शेहेचाळीसवर थांबला.
दुसऱ्यांदा बेचाळीस. तिसऱ्यांदा तिनं हात काढून घेतला,
पदरात गुंडाळला.
"मंग हे पैशे आले का
बरा व्हईल का गं माझा अंगठा?"
आले तर, मी म्हणाले,
तो दुखतो हे सिद्ध करता येईल.
ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली,
इतकी, की चुलीपुढची सूनही हसली,
काय झालं ते न कळता.
"ते तं म्या आत्ताच सांगतलं तुला."

अपेक्षित फलित, दीडशे शब्द.
लिहिले. त्यात धोरणकर्ते आले, समाज आला,
कौतिकाबाई आली नाही.
मी करून दिलेला स्प्लिंट ती झोपताना बांधते,
दिवसा नाही, दिवसा त्यात अंगठी बसत नाही.
हे कुठे लिहू?
तुम्हीच सांगा, तज्ज्ञ समितीचे माननीय सदस्य,
तुमच्याकडे त्यासाठी रकाना आहे का?

मुदत रात्री बाराची.
पावणेबाराला बजेटमध्ये एक ओळ वाढवली:
सहभागींची बुडालेली मजुरी.
देवळे सर म्हणाले होते, असलं काही घालू नकोस,
अशानंच अर्ज मागे येतात.
घातली. बेरीज आपोआप बदलली.
सादर करा, दाबलं.
ओटीपी फोनवर आला.
फोन माझ्या अंगठ्यानं उघडतो,
पहिल्याच टेकण्यात.