खरवडायच्या आधी

मंगळवारी दुपारी मिस्टर हॅस्कल आले.
गावात काचेचा कारखाना होता तेव्हा ते भट्टीवर होते.
ओहायोतल्या आमच्या ह्या गावात आता फक्त त्याची चिमणी आहे,
आणि त्यांचे हात:
अजून काहीतरी तापलेलं धरल्यासारखे अंगापासून लांब.

एरवी मांजराचं खाणं, खोकल्याच्या गोळ्या.
आज पाच गिफ्ट कार्डं, दोनशे-दोनशे डॉलरची,
काउंटरवर पालथी ठेवली,
पत्त्यांच्या डावात ठेवतात तशी.

मी म्हटलं, नातवंडांना का?
ते म्हणाले, हो.
त्यांना मूलबाळच नाही.
एवढं तर ह्या गावात मांजरांनाही ठाऊक आहे.

त्यांच्या शर्टाचा खिसा उजळलेला होता.
आत फोन चालूच,
आणि चष्म्याच्या घरामागून एक मधाळ आवाज
दम न खाता बोलत होता:
'शाब्बास. आता दुसरं काही सांगू नका.'

तो आवाज मी ओळखला.
म्हणजे तोच माणूस असं नाही. चाल ओळखली.
नऊ हजार डॉलर, सरकारी अनुदान, परतफेड नाही.
कर वेळेवर भरता म्हणून तुमची निवड झालीय.
अर्ज केला नव्हता? तीच तर गंमत आहे, सर.
फक्त प्रक्रियेचा खर्च तेवढा आधी,
कार्डामागची पट्टी खरवडायची
आणि आकडे वाचून दाखवायचे, सावकाश.

दोन हिवाळ्यांपूर्वी माझा बॉयलर फुटला होता.
माझ्याकडच्याचं नाव ऑफिसर कार्व्हर.
त्याचा बिल्ला क्रमांक मी विजेच्या बिलामागे
सुवाच्य अक्षरात लिहून घेतला, शाळेत लिहायचे तसा.
आधी अडीचशे. मग मुद्रांकाचे चारशे.
मग काहीतरी अडकलं होतं, ते सोडवायचे सहाशे.
लोक विचारतात, तुला कळलं कसं नाही?
मी सांगत नाही, की त्यानं विचारलं होतं
रात्री झोप लागते का तुम्हाला, रोवीना,
आणि चारला फोन करतो म्हणाला की
चारला करायचा.

मागे मिसेस ट्रॅपनेल, हातात औषधांची चिठ्ठी,
घसा खाकरत उभ्या.
रांगेसमोर 'फसवणूक' हा शब्द काढला असता तर
म्हातारा पैसे भरून गेला असता, निव्वळ लाजेनं.
मी म्हटलं, मशीन अडकलंय, दहा मिनिटं लागतील.
आणि गल्ल्याच्या खणातलं माझं कार्ड काढून
त्यांच्या पाचांशेजारी ठेवलं.
पालथंच. पट्टी खरवडलेली, कडा मऊ झालेल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
कार्डाकडे पाहिलं. मग छातीवरच्या बिल्ल्यावर माझं नाव वाचलं,
पंधरा वर्षांत पहिल्यांदाच असावं.
फोन बाहेर काढून तोंडाजवळ धरला:
'साहेब, एक करा ना.
तुमचे हजार त्या नऊमधूनच कापून घ्या.
मला आठच पाठवा. आठ पुरेत.'

शांतता. इतकी, की
दुधाच्या कपाटाची घरघर ऐकू आली.
मग मध उतरला आणि खाली काय होतं ते दिसलं:
पोलीस, वॉरंट, आज रात्रीच,
तुझ्यासारख्या म्हाताऱ्याला...
मिस्टर हॅस्कल ऐकत राहिले.
भट्टीचं दार उघडल्यावर मागे न सरकता
उभं राहायची सवय असते काहींना.

मग त्यांनी बटण दाबलं.
कार्डं एकेक करून खुंटीवर परत लटकवली,
सरळ बाजू पुढे.
मांजराचं खाणं घेतलं, सुटे मोजून दिले.
दारापाशी थांबून म्हणाले,
'बरा बोलायचा. मी त्याला
काच कशी फुंकतात ते सांगितलं होतं.'

बाहेर पार्किंगमध्ये त्यांचा खिसा पुन्हा उजळला.
काचेतून मी पाहत होते.
त्यांनी खिशावर तळवा ठेवला,
आणि चटका बसल्यासारखा
लगेच काढला नाही.