तोंड उघड

माझं काम एवढंच: तोंड उघड म्हणायचं,
कापसाची काडी गालाच्या आतून दहा वेळा फिरवायची,
पाकिटात घालायची, पट्टी चिकटवायची,
हातमोजे बदलायचे. पुढचा.

एकशे ब्याण्णव मुलं.
एप्रिल अर्धा सरला तरी वायोमिंगचा वारा बर्फ घेऊनच येत होता,
आणि ही जिल्ह्याच्या जत्रेची शेड,
मागच्या ऑगस्टात इथेच मेंढ्यांना बक्षिसाच्या फिती बांधल्या होत्या,
भुशाचा वास अजून गेला नव्हता.
खाटा लष्कराच्या, ब्लँकेटं चर्चची.
चॉकलेटं मात्र सरकारी, आणि त्यांना कुणी हात लावला नाही,
कारण वेष्टन लाल होतं.

मुलगे गळ्यापर्यंत बटणं लावलेले.
मुलींच्या वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर ओढलेल्या,
जणू सगळ्याजणी कसल्याशा नवलात पडल्यात.
कुणी रडलं नाही. तेच मला जास्त लागलं.

फॉर्मवर आईसाठी एक ओळ. वडिलांसाठी एक.
अ‍ॅमॉन, वय सात, नीट विचार करून म्हणाला,
"कुठले वडील? विहीर खणायच्या आधीचे, की नंतरचे?"
मी पेन खाली ठेवलं.
मग कळलं: एखादा संदेष्ट्याच्या मर्जीतून उतरला की
घर तेच राहतं, चूल तीच, सातही आया त्याच,
फक्त रातोरात कर्ता बदलतो
आणि सकाळी मुलं नवं आडनाव गिरवतात.
आमच्या एका ओळीत हे मावेना.
बालकल्याणचा माणूस म्हणाला, "अज्ञात लिहा."
लिहिलं.

केझाया शेवटून दुसरी.
जन्मसाल विचारलं तर म्हणाली, "अठरा."
पाठ केलेल्या पाढ्यासारखं, मध्येच कुठूनतरी.
खांद्यावर बाळ, त्याच्या ओठावरचं दूध ओलं.
माझी धाकटी तेव्हा पंधराची होती.
पंधराची मनगटं मला ओळखू येतात.

"तोंड उघड," मी म्हणाले.
तिनं बाळाचं उघडलं.
स्वतःचं मिटून घेतलं, दातावर दात.
माझ्यामागे शेरीफचा माणूस, कमरेला पिस्तूल.
तिच्यामागे भिंतीशी बायकांची ओळ,
एकसारखे फिके झगे, ओठ हलताहेत, आवाज नाही.
दोन्हीकडून नजरा तिच्यावर,
आणि तिचं भलं कशात आहे
हे दोन्हीकडच्यांना अगदी पक्कं ठाऊक.

मग ती पुटपुटली, ओठ जेमतेम सोडवत:
"यातून माझी आई कोणती ते कळतं का?"

आम्ही आलो होतो एका पुरुषाच्या नावासाठी.
त्यासाठी बसगाड्या, वॉरंटं, वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर.
तिनं विचारलं ते भलतंच.
"कळतं," मी म्हणाले.
तिनं तोंड उघडलं.
मागची दाढ किडलेली. किती दिवस ठणकत असेल.

सात आठवड्यांनी वरच्या कोर्टानं ठरवलं:
सगळ्यांना असं सरसकट उचलणं बेकायदा.
बरोबरही असेल. कायद्यातलं मला कळत नाही.
बसगाड्या आल्या त्याच रस्त्यानं परत गेल्या,
या वेळी आतून गाण्याचा आवाज येत होता.

निकाल नंतर आला.
बाळाचा बाप सापडला. एकसष्ट वर्षांचा. तुरुंगात गेला,
पेपरांत फोटो आले, आमची पाठ थोपटली गेली.
केझायाच्या रकान्यात मात्र
भिंतीशी उभ्या चौसष्ट बायकांपैकी
एकही जुळत नव्हती.
म्हणजे मेलेली. किंवा हाकलून दिलेली.
किंवा एखाद्या रात्री कुंपणाखालून सरपटत निघून
हायवेवरच्या दिव्यांकडे चालत गेलेली.
कागदावर शिक्का: गोपनीय.
मी कुणापाशी ब्र काढला नाही.

पत्र रीतसर पाठवलं, असं ऑफिसात म्हणाले.
पत्ता विचारला. वस्तीच्या फाटकावरची पेटी,
तीच एक आहे सगळ्यांना मिळून,
किल्ली थोरल्यांकडे असते.

दाढेबद्दल तरी लिहायला हवं होतं मी.